दक्षिणेची भिंत

“मी काय अडकित्ता हाय व्हय रे, यशवंता?”

हौसाआत्या कमरेवर हात ठेवून भिंतीपुढे उभी होती. आप्पा स्टुलावर चढले होते. तोंडात खिळा, हातात हातोडी आणि डोळ्यांत मागच्या बाकावरच्या खोडकर पोराचं हसू. भिंतीवर नुकतीच एक चौकट चढली होती. जुनी, सागवानी, चारही कोपऱ्यांत वेल कोरलेली. आत कोळशानं काढलेला एक अडकित्ता होता. पात्यांत धरलेली अर्धी सुपारी, खाली सांडलेला चुरा, मुठीवरचं झिजलेलं पितळ. बाई कुठं नव्हतीच.

“तुझंच चित्र हाय, आक्का.”

“मग तोंड कुठाय माझं?”

“तोंड मला दिसत न्हाई. जे दिसतं ते काढलं.”

“आणि चौकट कुणाची ही? म्हाताऱ्या इनामदारांची न्हवं? मेल्या माणसाच्या चौकटीत जित्या बाईला घातलास!”

“चौकटीला काय कळतंय, आत कोण हाय ते,” आप्पा म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तिच्याबरोबर वाजत होता. आत्या बराच वेळ कुरकुरली. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे आली की बरोबर त्याच चौकटीखाली पाट टाकून बसायला लागली. पेपरात फोटो छापून आल्यासारखी ऐट असायची तिच्या बसण्यात.

गडहिंग्लजला आमचं घर. आजोबा सुतार. पंचक्रोशीत कुणाच्या घरी फोटोला चौकट लागली की ती आजोबांकडून जायची. पुढं लोकांनी नवे लॅमिनेशनचे फोटो लावले आणि जुन्या चौकटी परत आणून टाकल्या. आमचा माळा त्यांनी भरला होता. आप्पांनी रंधा धरला नाही, पेन्सिल धरली. हायस्कूलला ड्रॉइंग मास्तर झाले. माणसाचा चेहरा काढण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

आणि नेमकं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. रिटायर झाल्यावर त्यांना एक झटका आला. हात-पाय वाचले, बोलणं वाचलं. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी आईकडं बघितलं आणि “सिस्टर, आमच्या घरच्यांना बोलवा,” असं म्हणाले. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन समजावलं. डोळे चांगले आहेत. भांडं ओळखतील, झाड ओळखतील, अक्षर ओळखतील. माणसाचा चेहरा मात्र कधीच ओळखणार नाहीत. मेंदूतली तेवढीच जागा गेली आहे. आणि जाताजाता म्हणाले, जपा, दुसरा धक्का यांना सोसायचा नाही.

“तुमची तोंडं मला पाण्यात हलल्यागत दिसतात,” आप्पा सांगायचे. “धरायला गेलं की फुटतात.”

मग ते आम्हाला खुणांनी ओळखायला शिकले. आत्या म्हणजे अडकित्ता. दूधवाला म्हणजे सायकलच्या हँडलला लटकलेली किटली. आई म्हणजे जुडगा. आवाजाचा फारसा उपयोग नव्हता, निदान आमच्या दोघींच्या बाबतीत. माझा आणि आईचा आवाज इतका सारखा, की फोनवर आत्यासुद्धा आधी “कोण, माय का लेक?” असं विचारायची.

आणि मी म्हणजे डावा हात.

मी जन्माची डावखुरी. लहानपणी एकदा गणपतीच्या आरतीनंतर मी प्रसादाला डावा हात पुढं केला आणि आत्यानं त्यावर सप्पकन मारलं. तेव्हा आप्पांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. “आक्का, त्या हाताला हात लावायचा न्हाई. तो देवानं दिलाय. देवाला चालतो.” आणि त्यांनी त्याच हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तेव्हापासून चित्र काढताना ते मला डाव्या अंगाला बसवायचे, म्हणजे आमची कोपरं एकमेकांना लागायची नाहीत. तुरकाठ्या डब्यात घालून, वर माती लिंपून, आई त्या पाणी तापवायच्या चुलीत सरकवायची. त्या कोळशानं आम्ही दोघं शेजारी शेजारी कागद काळे करायचो. माझी चित्रं बेताचीच असायची, पण आप्पा म्हणायचे, “हात बघण्यासारखा हाय तुझा. चित्र नसलं तरी.”

मी तेव्हा निपाणीला शाळेत गणित शिकवायचे. लग्न झालं नव्हतं आणि होण्यातली मी नव्हते. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी यायचे. दारात आले की आप्पा काही न बोलता हातातली वस्तू माझ्यापुढं धरायचे. पेला, पेपर, काहीही. मी डाव्या हातानं घेतली की त्यांचा चेहरा उजळायचा. “कुमुद आली गं, शालन!” असं ते आत ओरडायचे. आठवडाभर मी त्या ओरडण्याची वाट बघायचे.

त्यांनी सगळ्यांची चित्रं काढली. आईच्या चित्रात कमरेच्या निऱ्यांशी खोवलेला चांदीचा छल्ला आणि त्याला लोंबणाऱ्या किल्ल्या होत्या. ते बघून तर दूधवाल्यानंही “वहिनी दिसत्यात की!” म्हटलं. सगळ्या चौकटी उत्तरेच्या भिंतीवर लागल्या. समोर, दक्षिणेच्या भिंतीवर, आजोबा, आजी आणि घरातली गेलेली माणसं होती, हार घातलेली. आत्यानं आप्पांकडून एक अट मान्य करून घेतली होती, की जित्यांची आणि मेल्यांची भिंत एक करायची नाही.

माझं चित्र तेवढं राहिलं होतं.

“माझं कधी काढणार, आप्पा?”

“तुझं घाईनं काढायचं न्हाई.”

मी हट्ट करणाऱ्यातली नाही. पण मला ते चित्र हवं होतं, अगदी लहान पोरीसारखं हवं होतं. माझा चेहरा त्यांच्यातून पुसला गेला होता. मी त्यांच्या मनात कुठंतरी अजून आहे, एवढं मला भिंतीवर लागलेलं बघायचं होतं.

आई गेली ती परसात, चुलीपाशी. सकाळी चुलीवरच्या हंड्यात पाणी घालायला वाकली आणि उठलीच नाही. मी निपाणीहून पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. सवाष्ण गेलेली, त्यामुळं आत्यानं आणि शेजारणींनी तिला हिरवी साडी नेसवली होती, हिरवा चुडा भरला होता, कपाळभर मळवट भरला होता. हात साडीखाली झाकले होते. आप्पा खुर्चीत बसून सगळ्यांकडं गोंधळून बघत होते.

“मास्तर, एकदा तोंड बघून घ्या,” कुणीतरी म्हणालं.

त्यांना धरून आणलं. ते वाकले. त्यांनी आईचा चेहरा बघितला, पहिल्यांदा चित्र बघावं तसा नीट, सावकाश.

“कोण ही?”

“शालन हाय रे,” आत्या रडत म्हणाली. “तुझी शालन.”

“न्हवं,” आप्पा म्हणाले. “शालनला मी वळखत न्हाई व्हय? काय बोलताय तुम्ही? शालन कुठाय? शालन!”

त्यांचा आवाज चढायला लागला. कपाळावरची शीर फुगली. हाका मारत ते घरात निघाले. त्याच वेळी मी आतून बाहेर येत होते. गंगाजलाचा गडू देवघरातल्या कपाटात कुलूपबंद होता, म्हणून आत्यानं आईच्या कमरेचा काढून ठेवलेला जुडगा मला दिला होता. दोन्ही हातांत गडू आणि तुळस, म्हणून छल्ला मी साडीत खोवला होता. उंबरा ओलांडताना किल्ल्या वाजल्या.

आप्पा थांबले. त्यांचा सगळा चेहरा सैल पडला.

“ही काय, आली की शालन! काय म्हणून घाबरवता रे माणसाला?”

मी “आप्पा” म्हणायला तोंड उघडलं. आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

“हो म्हण,” ती कानात म्हणाली. “कुमे, तुझ्या पाया पडते. एका दिवशी दोघं जातील. हो म्हण. अहो म्हण त्याला.”

ज्या माणसाला मी जन्मभर आप्पा म्हटलं, त्याला मी अंगणात, आईच्या मढ्यापुढं, “अहो, बसा तुम्ही,” असं म्हणाले. ते शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. आवाज आईचाच होता.

आप्पा बसले. मग हळूच विचारलं, “कोण गेलंय गं हे?”

“लांबचं माणूस हाय, यशवंता,” आत्यानंच उत्तर दिलं.

“मग कुमुदला कळवलंत का? ती यायला पायजे. तिला एकटीला येऊ देऊ नका.”

“कळवलंय,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि आईला, लांबच्या माणसाला करावा तसा, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. आई निघाली तेव्हा ते मला म्हणाले, “पाहुण्यांच्या चहाचं बघ.”

थोडे दिवस, असं आम्ही ठरवलं होतं. त्यांचं मन जरा थाऱ्यावर आलं की सांगू. मी रजा टाकून घरी राहिले. पण जुडगा कमरेचा काढला की आप्पा उठून दारात जायचे, हाका मारायचे, छातीला हात लावायचे. आंघोळीला जातानासुद्धा मी किल्ल्या न्हाणीच्या खुंटीला अडकवून मध्येमध्ये हलवायचे. आईच्या साड्या नेसले. उजव्या हातानं वाढायला, पाणी द्यायला, कात्री धरायला शिकले. सुरुवातीला आमटी ताटाबाहेर सांडायची. डावा हात मी पदराखाली धरून ठेवायचे. कधीकधी तो दुखायचा. वापरून दुखतो तसा नाही, उलट.

आत्या म्हणायची, “पोरी, एकट्या बायनं दोन कसं व्हायचं? एक तरी नीट हो.” मग तिथंच पदर डोळ्यांना लावायची.

आईचं चित्र उत्तरेच्या भिंतीवर तसंच होतं. त्याला हार घालता येत नव्हता. आप्पा परसात गेले की मी त्याच्यासमोर उभी राहायचे आणि पुढं होऊन काचेवर कपाळ टेकायचे. आईसाठी मला रडता आलं ते एवढंच, आणि चुलीच्या धुराआड.

शनिवार आला की आप्पा दुपारपासून दाराकडं तोंड करून बसायचे.

“एसटी गेली काय गं?”

“गेली.”

“कुमुद आली न्हाई.”

“परीक्षा आहेत तिच्या शाळेत.” पुढच्या खेपेला “पेपर तपासायचेत.” मग “ताप आहे, अंगावर काढलाय.” गणिताची बाई मी, पण उत्तरं इतकी कच्ची द्यायचे की वर्गातल्या पोरांनी पकडलं असतं. आप्पा मात्र ऐकून घ्यायचे. हातातला पेला कितीतरी वेळ दाराच्या दिशेनं धरून ठेवायचे. मी समोरच उभी असायचे. वाटायचं, जाऊन डाव्या हातानं घ्यावा. पण मग शालन कुठाय, असं त्यांनी विचारलं असतं.

मग एका शनिवारी त्यांनी विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. ते खोलीत बसून चित्र काढायला लागले आणि दार लोटून घ्यायला लागले. मला, खरं सांगते, हलकं वाटलं. विसरले, असं मी आत्याला म्हणाले. आत्याही म्हणाली, “इसरू दे. त्यातच त्याचं सुख हाय.”

सर्वपित्री अमावस्या आली. आप्पांनी आत्याला बाजारातून चंदनाचा हार आणायला सांगितला. आजोबांच्या फोटोचा हार जुना झालाच होता, म्हणून तिनं काही विचारलं नाही. पान वाढून झालं, कावळ्याला घास ठेवला, आत्या जेवून घरी गेली. बाहेर ऊन रखरखत होतं.

“शालन, जरा इकडं ये,” आप्पांनी पुढच्या सोप्यातून हाक मारली.

दक्षिणेच्या भिंतीवर, आजीच्या शेजारी, एक चौकट नवी लागली होती. वर पंचा टाकला होता. आप्पांनी तो हातानं ओढून काढला.

तो माझा हात होता. डावा. तुरकाठीच्या कोळशाचा तुकडा धरलेला. करंगळी मी नेहमी ठेवते तशी कागदापासून जराशी उचललेली. अंगठ्याच्या नखाशी काळं साचलेलं. मनगटावरचं वाढलेलं हाडसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. आजोबांनी केलेली सगळ्यांत चांगली चौकट होती ती, मोराची, जी कुणालाच त्यांनी दिली नव्हती.

मला पहिल्यांदा झाला तो आनंद. मी लपवत नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला बघितलं होतं. मी त्यांच्यात होते, नखातल्या काळ्यासकट होते. मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं.

“लांबचं माणूस म्हणाली आक्का,” आप्पा शांतपणे बोलत होते. “मी मानलं. पण लांबच्या माणसासाठी कोण इतके दिवस धड जेवणाशिवाय राहतं? तू राहिलीस. चुलीपुढं बसून रडतीस, मला ऐकू येतं. आणि त्या दिवसापासून कुमुद आली न्हाई. मग मी जुळवलं सगळं. हिरवी साडी, मळवट बघून सवाष्ण वाटली मला, पण कुवार पोरीलाबी जाताना नवरीसारखं सजवतात, ते मागनं ध्यानात आलं.”

“अहो...”

“मला राग न्हाई. मला झटका येईल म्हणून लपवलंत. सगळं दुःख तू एकटीनं काढलंस.” त्यांनी चष्मा काढला. “पण मला तोंड दाखवलंत तुम्ही, शालन. माझ्या पोरीचं तोंड. आणि मी ‘कोण ही’ म्हणालो. नमस्कार केला तिला, परक्यासारखा. हात झाकले होते. हात बघितला असता तर मी वळखलं असतं.”

इतके दिवस मी जे तोंडातून निघू दिलं नव्हतं, ते आपसूक बाहेर पडलं.

“आप्पा! आप्पा, मी आहे. मी कुमुद. मी इथंच आहे, आप्पा.”

ते माझ्याकडं वळले. माझ्या तोंडाकडं त्यांनी बघितलं, जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं. मग किल्ल्यांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्यासाठी इतकी माया दाटून आली की मला ती सोसवेना, कारण ती माझ्यासाठी नव्हती.

“तिच्यासारखं बोलू नको गं,” ते म्हणाले. “आवाज तुमचा एकच. मला त्रास होतो.”

त्यांनी हार उचलून माझ्यापुढं धरला. “तू घाल. आई हायस तिची. माझ्यानं व्हायचं न्हाई.”

पूर्वी पेला धरायचे तसाच त्यांनी हार धरला होता. तेव्हा मला वाटलं, अजून एक गोष्ट उरली आहे. मी पदराखालून डावा हात काढला. कितीतरी दिवसांनी त्याला उजेड लागला. तो मी त्यांच्या डोळ्यांसमोर, चित्रातल्या हाताच्या अगदी शेजारी नेला. करंगळी उचलली होती. मी ती मुद्दाम उचलली नव्हती, तिला दुसरं येतच नव्हतं. त्या हातानं मी हार घेतला आणि थांबले.

आप्पांनी हाताकडं बघितलं. चित्राकडं बघितलं. पुन्हा हाताकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले. “कुमुद आली,” असं आता ते आत ओरडतील, म्हणून मी कान देऊन उभी राहिले.

त्यांनी माझं मनगट हळूच धरलं आणि तो हात खाली केला.

“उजव्या हातानं, शालन,” ते म्हणाले. “गेलेल्या माणसाला डाव्या हातानं हार घालत न्हाईत.”

मी हार उजव्या हातात घेतला. चौकटीला वर दोन आकडे होते, आजोबांनी हारासाठीच बसवलेले. मी टाचा उंच केल्या आणि हार घातला.